अमेरिकन विद्यापीठांचा नांवलौकिक

मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांतून हार्वर्ड, कोलंबिया, स्टॅनफर्ड हीं नांवें आज काशी-प्रयागाइतक्याच सहजतेनें उच्चारलीं जातात. मुलाला किंवा मुलीला तिकडे पाठवावयाचें तर राहतें घर गहाण टाकण्याचीहि पालकांची तयारी असते. आणि एवढ्या मोठ्या व्यवहाराला आधार असतो तो बहुधा एका नांवाचा. हें नांव कोणी मिळविलें, केव्हां मिळविलें, आणि मिळविणारीं माणसें अजून तेथें आहेत कीं नाहींत, ही चौकशी मात्र फारशी होत नाहीं. वास्तविक अशीं नांवें अमेरिकेंत अनेकदां चढलीं आहेत आणि उतरलींहि आहेत. त्यांतील एक प्रकरण तर एखाद्या नाटकास शोभेल असें आहे.

१८७० च्या सुमारास अमेरिकेंतील बहुतेक महाविद्यालयांत लॅटिन, ग्रीक, थोडें गणित आणि पुष्कळसा धर्मोपदेश एवढ्यावर भागत असे. ज्याला खरोखर संशोधन करावयाचें, तो जर्मनीची वाट धरी. ही स्थिति पालटण्यास कारण झाला बाल्टिमोरचा एक अविवाहित व्यापारी. जॉन्स हॉपकिन्स १८७३ सालीं वारला, तेव्हां त्यानें एक विद्यापीठ आणि एक रुग्णालय यांसाठीं मिळून ७० लक्ष डॉलर ठेवले होते. विद्यापीठाचा कारभार डॅनिएल गिलमन यांच्याकडे आला. एवढा पैसा हातीं आल्यावर दुसऱ्या कोणीं आधीं मनोरे उभारले असते. गिलमन यांनीं शहरांतल्या जुन्या घरांतच बिऱ्हाड थाटलें आणि पैसा माणसांवर खर्च केला. त्यासाठीं ते युरोपभर हिंडले. केवळ ज्यू म्हणून ज्यांना केंब्रिजनें कित्येक वर्षें पदवी दिली नव्हती, ते साठी उलटलेले गणिती सिल्व्हेस्टर त्यांनीं बाल्टिमोरला आणले. १८७६ सालीं वर्ग सुरू झाले. दहा वर्षांच्या आंत वुड्रो विल्सन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे विद्यार्थी तेथून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. १६३६ पासून चालत आलेल्या हार्वर्डलाहि जाग आली. आपल्या येथील पदव्युत्तर अध्ययनाला खरें बळ चढलें तें हॉपकिन्सचें उदाहरण समोर आल्यावरच, असें हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनीं १९०२ सालीं भर समारंभांत मान्य केलें. जुन्या घराण्यानें नव्या शेजाऱ्याचें ऋण असें चारचौघांत कबूल करावें, हें विरळाच.

परंतु हॉपकिन्सचा पैसा मुख्यतः एका रेल्वे कंपनीच्या भागांत गुंतला होता. पुढच्या दशकाच्या अखेरीस त्या भागांवरील लाभांश थांबला, आणि विद्यापीठाची चाल मंदावली. १८९३ सालीं उघडलेल्या वैद्यकीय शाळेनें त्याचें नांव पुन्हां उजळलें. पण तें एका शाखेपुरतें.

नाट्यमय प्रकरण आहे तें मॅसॅच्युसेट्स राज्यांतील वूस्टर शहराचें. कॅलिफोर्नियांत व्यापार करून धनाढ्य झालेल्या जोनास क्लार्क यांनीं तेथें आपल्या नांवाचें विद्यापीठ काढलें. हॉपकिन्समध्यें मानसशास्त्र शिकविणारे स्टॅन्ली हॉल त्याचे अध्यक्ष झाले, आणि १८८९ सालीं केवळ पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीं तें उघडलें. प्रकाशाचा वेग मोजणारे मायकेलसन, मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस, प्राणिशास्त्रज्ञ व्हिटमन अशीं माणसें तेथें एका छपराखालीं जमलीं. इतक्या लहान जागीं इतकी विद्वत्ता अमेरिकेंत पूर्वीं क्वचितच एकत्र आली असेल.

दुर्दैव असें कीं, संस्थापक आणि अध्यक्ष यांच्या मनांतील विद्यापीठें दोन होतीं. गांवच्या होतकरू मुलांना स्वस्तांत शिक्षण मिळावें, ही क्लार्क यांची इच्छा. हॉल यांना हवें होतें संशोधन. उघड वाद झाला नाहीं, हें अधिकच वाईट झालें. क्लार्क यांचा हात वर्षागणिक आंखडत गेला आणि खरी परिस्थिति हॉल यांनीं सहकाऱ्यांस सांगितली नाहीं. १८९२ च्या आरंभीं बहुसंख्य अध्यापकांचा अध्यक्षांवरील विश्वास उडाला.

याच सुमारास शिकागो येथें रॉकफेलर यांच्या तेलाच्या पैशावर नवें विद्यापीठ निघत होतें. त्याचे अध्यक्ष विल्यम हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित, वय अवघें ३५. वूस्टरची कुणकुण लागतांच ते त्या वसंतांत तेथें दाखल झाले. असंतुष्ट अध्यापकांना त्यांनीं एका सहकाऱ्याच्या घरीं गांठलें आणि भरघोस वेतन देऊं केलें. मायकेलसन, व्हिटमन यांसह अनेकांनीं होकार दिला. नंतर हार्पर हॉल यांनाहि भेटले आणि त्यांनाच शिकागोस अध्यापकाची जागा देऊं लागले! घर धुवून न्यावें आणि मग घरमालकाला नोकरीस बोलवावें, असला हा प्रकार. हॉल यांनीं नकार दिला आणि उरलेल्या मूठभर मंडळींसह ते मागें राहिले.

त्या ऑक्टोबरांत शिकागोचे वर्ग सुरू झाले, तेव्हां त्या विद्यापीठाला बाल्यावस्था अशी नव्हतीच. १९०७ सालीं मायकेलसन यांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. विज्ञानांत तें मिळविणारे ते पहिले अमेरिकन, आणि मान मिळाला तो शिकागोला. क्लार्कपाशीं हॉल यांचें मानसशास्त्र तेवढें राहिलें. त्याच बळावर १९०९ सालीं त्यांनीं सिग्मंड फ्रॉइड यांना व्याख्यानांसाठीं वूस्टरला आणलें. फ्रॉइड यांची अमेरिकेची ती एकमेव यात्रा.

शिकागोलाहि हें चुकलें नाहीं. पत्नी चालवीत असलेल्या शाळेच्या कारभारावरून हार्पर यांच्याशीं बिनसलें, तेव्हां जॉन ड्यूई १९०४ सालीं शिकागो सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाकडे वळले. वूस्टरहून निघालेले बोआस त्यापूर्वींच तेथें पोहोंचले होते. १९१३ सालीं बडोद्याची शिष्यवृत्ति घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबियांत दाखल झाले, तेव्हां ड्यूई तेथें ऐन भरांत होते. त्यांच्या विचारांचा ठसा डॉ. आंबेडकरांच्या लेखनावर पुढें कायम राहिला. शिकागोंतील एका भांडणाचा लाभ असा महाराष्ट्राच्या पदरीं पडला.

लौकिक मोजण्याची हौसहि अमेरिकेला जुनीच. १९२५ सालीं रेमंड ह्यूज यांनीं निरनिराळ्या विषयांच्या तज्ज्ञांची मतें मागवून विद्यापीठांचा क्रम लावला. शिकागो, हार्वर्ड, कोलंबिया हीं अग्रभागीं आलीं. पन्नास वर्षांपूर्वीं सर्वांना वाट दाखविणारें हॉपकिन्स त्यांच्या खालीं गेलें. अशा मतांत एक खोड असते. मत देणारा आपल्या विद्यार्थिदशेंतील आठवणींवर विसंबतो. त्यामुळें माणसें आज जातात आणि नांव मागाहून, सावकाशीनें जातें. येण्याचेंहि तसेंच. तरुण पदार्थवैज्ञानिक अर्नेस्ट लॉरेन्स यांनीं १९२८ सालीं येल सोडून पश्चिम किनाऱ्यावरील बर्कले गांठलें. १९३९ सालीं त्यांना नोबेल मिळालें. परंतु बर्कले हार्वर्डच्या तोडीचें आहे, हें सार्वत्रिक पाहणींत स्पष्टपणें नोंदलें गेलें तें १९६६ सालीं.

बर्कलेच्या शेजारचें स्टॅनफर्ड तर कित्येक वर्षें प्रांतिकच समजलें जाई. संस्थापक १८९३ सालीं वारले, संपत्ति न्यायालयांत अडकली, आणि १९०६ च्या भूकंपानें इमारतीहि पाडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेडरिक टर्मन यांनीं तेथें निराळें धोरण धरलें. पैसा सर्व विभागांत सारखा न वांटतां निवडक विभागच उंच करावयाचे, आणि त्यांसाठीं उत्तम माणसें वाटेल त्या प्रयत्नानें मिळवावयाचीं. गिलमन यांचीच ही युक्ति. फक्त तिला सरकारी संशोधनाच्या पैशाची आणि जवळच्या विद्युत्-उद्योगाची जोड मिळाली.

१९८३ पासून एका अमेरिकन साप्ताहिकानें क्रमवारी छापण्यास प्रारंभ केला, आणि नांवाला आंकडा चिकटला. आरंभीं ती केवळ महाविद्यालयांच्या अध्यक्षांच्या मतांवर आधारलेली होती. पुढें संस्थांनीं पुरविलेली माहिती तींत येऊं लागली. वर्ग किती लहान, अध्यापक किती, खर्च किती, हें संस्थेनें स्वतःच कळवावयाचें! २०२२ च्या आरंभीं कोलंबियाच्याच एका गणिताच्या अध्यापकानें, आपल्या विद्यापीठानें पाठविलेले आंकडे जुळत नाहींत, असें सविस्तर दाखवून दिलें. कोलंबिया त्या वेळीं दुसऱ्या क्रमांकावर होतें. सप्टेंबरांत नवी यादी निघाली, तींत तें अठराव्यावर आलें. त्या सहा-सात महिन्यांत विद्यापीठाचीं ग्रंथालयें तींच होतीं, प्रयोगशाळा त्याच होत्या, आणि वर्गावर जाणारे अध्यापकहि बहुतेक तेच होते.