गाडग्याएवढा संसार

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ ला जन्मलेला डेबूजी वाढला मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्यात, मामाच्या घरी. शेतीत रमलेल्या या माणसानं १९०५ मध्ये घर सोडलं. सोबत काय? अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं. भाकर त्यातच, पाणीही त्यातच. ऊन तापलं की तेच डोक्यावर. म्हणून गाडगेबाबा! आज काय घालू, कशात जेवू, हा घोळच मिटला. (आपला अर्धा दिवस त्यातच जातो.) उरलेलं डोकं त्यांनी कामाला लावलं: दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र झोपडीतच राहिले. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ ते गेले.