कोयत्यामागची शाळा

दिवाळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा, लोणार भागातली कुटुंबं ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघतात. मुलंही सोबत जातात. इथून पुढे एकाच वर्गातल्या दोन मुलांची शाळा वेगळी होते.

गावात राहिलेला मुलगा भागाकार संपवून अपूर्णांकाकडे वळतो. फडावर गेलेली त्याच्या वर्गातली मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, वाढ्यांच्या मोळ्या बांधू लागते. उन्हाळ्यात ती परतते, तेव्हा पुस्तकाची निम्मी पानं कोरीच असतात. मन लावून शिकणारी मुलगीही अशी मागे पडते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार अशा मुलाला कुठल्याही सरकारी शाळेत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दाखला नाही म्हणून त्याला अडवता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे; ते दाखवून मूल नव्या ठिकाणच्या शाळेत शिक्षण चालू ठेवू शकतं. मुलाला आजीकडे किंवा नातेवाइकांकडे गावातच ठेवायचं असेल, तर हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यात जेवणाची सोय होते.

पालकांनो, गाव सोडण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा आणि हमी पत्रक मागून घ्या.