पाहुण्यांच्या घरी पाहुणे



आम्ही दोघं दोन वर्षं युगांडातल्या मसाका या गावी स्वयंसेवक म्हणून राहत होतो. एकाचं काम आरोग्य केंद्राच्या नोंदी लावण्याचं, दुसरीचं शाळेतल्या शिक्षिकांबरोबर. दुसऱ्या वर्षी आई, बाबा आणि ताई तीन आठवडे यायचं म्हणाले. आता आपल्याकडची बरीच मुलं-मुली अशा कामाला बाहेर जातात, आणि घरच्यांना एकदा जाऊन बघावंसं वाटतंच. म्हणून आज त्या तयारीविषयी बोलू.

नोकरीसाठी परदेशी राहणाऱ्याचं घर त्याचं असतं, पगार त्याचा असतो. स्वयंसेवकाचं तसं नसतं. घर संस्थेने दिलेलं, भत्ता दोन माणसांच्या पोटापुरता मोजलेला, आणि त्या गावात आपण स्वतःच पाहुणे. तेव्हा तिकिटं काढायच्या आधी आम्ही संस्थेला विचारलं: घरात माणसं राहिली तर चालतील का, रजा किती मिळेल, ती कधी घेतली तर कामाचा खोळंबा होणार नाही? रजा सहा दिवसांची मिळाली. म्हणजे बाकीचे दिवस पाहुण्यांनी आमच्याशिवाय काढायचे, हे त्यांना पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. तिथे मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर पावसाचे महिने. कच्चे रस्ते चिखलाने भरतात. म्हणून जुलै ठरवला.

मग आला लशीचा प्रश्न, आणि तिथे आमची सगळी आखणी बदलली.

युगांडात पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर आहे. देशात शिरताना लस घेतल्याचा दाखला लागतो. परत भारतात उतरतानाही तो दाखवावा लागतो, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो. एकदा घेतली की जन्मभर चालते. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढे तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते त्यांना ती देत नाहीत. आई ६६ वर्षांची. डॉक्टरांनी जुने कागद नीट पाहून, धोका समजावून तिला लस दिली. बाबांना संधिवातासाठी नेमक्या प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्याच गोळ्या चालू. त्यांना लस नाही.

डॉक्टर अशा माणसाला सूटपत्र देऊ शकतात. ते चालेल की नाही, हे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना आधी लेखी विचारावं लागतं. पण पत्राने फार तर विमानतळाचं दार उघडतं, डास काही पत्र वाचत नाही. सगळ्यांत उत्सुक बाबाच होते, भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा लावून बसले होते. आम्ही त्यांना आग्रह केला नाही आणि 'येऊ नका' असंही म्हटलं नाही. सगळी माहिती समोर ठेवली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, 'मी राहतो. तुम्ही आईला नीट फिरवा.' मैत्रिणींनो, हा प्रश्न तिकिटं काढण्याआधी सुटला म्हणून निदान पैसे तरी वाचले. तेव्हा आधी डॉक्टर, मग विमान.

पैशांचं बोलणं आपल्याकडे अवघड. पाहुण्यांकडून खर्च घ्यायचा म्हणजे काय! पण आमच्या भत्त्यात आणखी दोन माणसांचं खाणं आणि गाडीभाडं बसणार नव्हतं. हिशोब मांडून तो आईला सांगायचं काम मुलाने केलं, सुनेवर ढकललं नाही. फार फरक पडतो याने. डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या आणायला सांगितल्या, कारण जुन्या छपाईच्या, मळक्या नोटा तिथे नाकारतात.

घराची तयारी थोडी आणि सोपी. पाणी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमधून यायचं, ते उकळून ठेवायचं. मच्छरदाण्या दोन जास्तीच्या. वीज जायची, म्हणून सौर दिवा. आईचे गुडघे धरलेले आणि संडास खड्ड्याचा. गावातल्या सुताराकडून मधे भोक असलेलं लाकडी स्टूल करून घेतलं. आमच्या सगळ्या तयारीत आईने कौतुक केलं ते या स्टुलाचं. पीठ-डाळी आणू नका म्हटलं, कंपालाच्या भारतीय दुकानांत मिळतात. गोडा मसाला आणि कोकम मात्र आणा. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या पुरून उरतील इतक्या, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगतो. तिथलं मुख्य अन्न मटोके, म्हणजे केळीच्या पानांत गुंडाळून वाफवलेली हिरवी केळी. त्याबरोबर शेंगदाण्याचं दाट कालवण. आईला वाटलं, अरे, हे तर उपासाचंच! पण त्या कालवणात पुष्कळदा सुकी मासळी घालतात, आणि ती कुटून घातलेली असली तर दिसतही नाही. आई शाकाहारी. म्हणून शेजारणीला आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. ती हसली आणि मासळीशिवाय वेगळं कालवण करते म्हणाली. पुढे वाढलेलं अन्न नाकारणं तिथे मोठा अपमान. तेव्हा नकार जेवायला बसल्यावर द्यायची वेळ येऊ नये, ही यजमानाची जबाबदारी. चपाती मात्र रस्त्याच्या कडेला गरमागरम मिळते, तव्यावर अंडं घालून गुंडाळलेलीसुद्धा. आपल्याकडून गेलेल्या लोकांबरोबर ती तिथे गेली.

सगळ्यांत जास्त तयारी लागली ती फोनवर बोलून करायची. बुगांडा भागात बायका आणि मुली वडीलधाऱ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात. हे आईला सांगितलं नसतं तर ती 'उठ गं बाई' म्हणून धावलीच असती. तिने त्याऐवजी 'ओली ओत्या, न्याबो' एवढं पाठ केलं, म्हणजे 'कशा आहात, बाई?' त्या तीन शब्दांवर तिचे दिवस निघाले. शेजारीण तिला रोज दुपारी केळी सोलायला बोलावून न्यायची.

ताई शिक्षिका. तिला आठवडाभर शाळेत गणित शिकवायचं होतं. पर्यटकाच्या व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारी कामसुद्धा. शिवाय आठ दिवसांच्या बाईंमुळे तिथल्या बाईंचा धडा मोडतो. ती शाळा बघायला आली, पाहुण्यांच्या वहीत सही केली, मागच्या बाकावर बसली. मुलांचे फोटो नाहीत, गोळ्या-पेन्सिली वाटायच्या नाहीत, हेही आधीच ठरलं होतं. आपण निघून जातो, आणि पुढच्या परक्या माणसाभोवती मुलं हात पसरून उभी राहतात.

आणखी एक, जरा टोचणारं. आपल्या बोलण्यात माणसाच्या रंगावरचे शेरे सहज येतात. मराठी कळत नसलं तरी सूर कळतो. हे आम्ही स्पष्ट बोललो. आणि थोडा इतिहासही सांगितला. १८९६ पासून रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून मजूर गेले, पुढे दुकानदार गेले, आणि १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. तिथली माणसं आपल्याला 'मुयिंदी' म्हणतात आणि त्या शब्दामागे हे सगळं असतं. जमेची बाजूही आहेच. तिथल्या बायकांचा सणासुदीचा पोशाख 'गोमेसी' हा गोव्याच्या गोम्स नावाच्या शिंप्यामुळे त्या नावाने ओळखला जातो, असं सांगतात. ताईने शेजारणीसाठी खणाचं कापड आणलं होतं, त्याच्याशी हा विषय छान जुळला.

सहा दिवसांच्या रजेत विषुववृत्ताची खूण, जी कंपाला-मसाका रस्त्यावरच आहे, आणि जिंजा. जिंजाला नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून निघते. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित केला होता, तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. आईने तिथून बाबांना फोन लावला आणि बराच वेळ नुसतं पाणी दाखवत राहिली. रात्रीचा प्रवास आणि मोटारसायकलची टॅक्सी, दोन्ही वर्ज्य.

शेवटचं काम पाहुणे घरी पोचल्यानंतरचं. हिवतापाच्या गोळ्या प्रवासाआधी सुरू होतात आणि परतल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायच्या असतात. घरी आलो म्हणून मधेच थांबवायच्या नाहीत. ताईला आम्ही फोनवर रोज विचारायचो. आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आलाच, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, आणि बसल्या बसल्या आधी हे सांगायचं: आम्ही युगांडाला जाऊन आलोय, हिवतापाची तपासणी करा.