मे महिन्यातला जलसुरक्षक

पहाटे 4:30. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर विहिरीत रात्रभर झिरपलेलं पाणी पहिल्यांदा मिळावं म्हणून बाया बॅटरी घेऊन उभ्या असतात. इथे वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण कातळावरून आणि उतारावरून तो निघून जातो. याच तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि आमचे पाडे टँकरची वाट बघतात. हे मला रोज सलतं. पहाटेचं हे पाणी वापरायला न्या, प्यायचं असेल तर घरी मेडिक्लोरचे थेंब टाकून अर्धा तास थांबा, एवढं प्रत्येकीला सांगतो.

6:00. मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजतो. विहिरीचा व्यास 3 मीटर. पाणी 1 मीटर असेल, तर ते साधारण 7,000 लिटर भरतं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीत 33 टक्के क्लोरीन असेल, तर 1,000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 35 ग्रॅम पावडर लागते. ती कोरडी कधीच फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायची आणि दहा मिनिटं ठेवायची. चुना खाली बसतो. वरचं निवळ तेवढंच दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीनं विहिरीत सोडायची आणि खाली-वर हलवायची. चुना लांब खड्ड्यात पुरायचा. तो विहिरीत गेला तर पाणी गढूळ होतं आणि लोक पावडरीलाच नावं ठेवतात.

6:30. आता अर्धा तास कोणी भरायचं नाही. दिवसातलं सगळ्यात अवघड काम हेच. डोक्यावर चुंबळ ठेवून आलेल्या बाईला "बाय, जरा थांब" म्हणायचं, आणि तिला तर अजून भाकऱ्या थापून मजुरीवर जायचं असतं. तिची घाई खोटी नाही. पण जंतू मरायला वेळ लागतो.

7:00. ओटी टेस्ट. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. शिल्लक क्लोरीन लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. रंग आलाच नाही, तर पावडर पुन्हा. बहुतेक वेळा दोष पावडरीचाच असतो. पिशवी उघडी राहिली, ओल लागली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो.

9:30. पाड्याच्या वरच्या अंगाला हातपंप. त्याच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवायचं ठरलेलं आहे. आमच्याकडची एक ताई पेटीतले थेंब मोजत टाकते. लालसर पाणी निळं झालं की मोजणी थांबवते. पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतो.

ठाण्यात कामाला असलेला एक पोरगा सुट्टीत आला होता. म्हणाला, "दादा, आमच्या बिल्डिंगला सॉफ्टनर आहे, इथं घरी बसवू?" त्याला नीट समजावलं. सॉफ्टनरच्या टाकीतले राळेचे मणी पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवावे लागतात आणि ते धुवण गटारात जातं. मीठ संपलं, कोणी पाहिलं नाही, तर पाणी पुन्हा जड. शिवाय जंतू त्यानं मरत नाहीत. जिथे मणी धुवायला पाणी आहे, तिथे ते यंत्र चांगलंच. इथे मात्र हातपंपाचं पाणी उकळावं, निवू द्यावं, वरचं घ्यावं. बराचसा क्षार बुडाला बसतो. डाळीला झऱ्याचं पाणी ठेवावं.

दुपारी उन्हात काहीच होत नाही.

3:30. टँकर. 10,000 लिटर विहिरीत पडलं की 50 ग्रॅम पावडरीचं निवळ लगेच. पण पोहरे आधीच खाली सुटलेले असतात. पाईप लागायच्या आत बादली तयार ठेवली, तरच जमतं.

5:30. घरोघरी. हंडा राखेनं घासलेला आहे का, पाणी तीनपदरी फडक्यातून गाळलंय का, वर झाकण आहे का. हात बुडवून पाणी घेऊ नका, ओगराळं ठेवा. कुणाला जुलाब लागले असतील, तर आशाताईंना लगेच कळवतो.

7:30. नोंदवहीत वेळ, पावडर, टेस्टचा रंग. वर्षातून दोनदा आरोग्य खातं पाण्याच्या जागा पाहून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतं, तेव्हा ही वही लागते.

आता जून जवळ आला. पहिल्या पावसाचा लोट कठडा नसलेल्या विहिरीत सगळी घाण घेऊन येतो आणि साथ तेव्हाच पसरते. म्हणून ग्रामसभेला जाल तेव्हा एवढं विचारा: पावडर किती शिल्लक आहे, ती कोणत्या तारखेची आहे आणि कोरड्या जागी झाकून ठेवली आहे का?