दीर्घकालीन मधुमेह आणि मेदनिवारक शस्त्रक्रियेची पूर्वतयारी : मुळशी तालुक्याच्या संदर्भात

जठर व लहान आतडे यांची रचना बदलून वजन घटविणाऱ्या शस्त्रक्रियांचा मधुमेहावर होणारा परिणाम आरंभी अनपेक्षितच होता. अमेरिकेतील शल्यचिकित्सक वॉल्टर पोरीज व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली आपला चौदा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यानुसार गॅस्ट्रिक बायपास झालेल्या १४६ मधुमेही रुग्णांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा प्राकृत पातळीवर आली होती. वजन पुरेसे उतरण्यापूर्वी, काही दिवसांतच हा बदल घडे, ही गोष्ट विशेष लक्षणीय होय. अन्न लहान आतड्याच्या अंत्य भागात लवकर पोचल्याने तेथील जीएलपी-वन हे संप्रेरक अधिक स्रवते व जेवणानंतर इन्शुलीनचा स्राव वाढतो, हे त्याचे एक कारण मानले जाते.

परंतु इन्शुलीन स्रवण्यासाठी ते निर्माण करणाऱ्या पेशी शिल्लक असाव्या लागतात. पंधरा-वीस वर्षे मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. अशा रुग्णाची पूर्वतयारी म्हणजे शस्त्रक्रियेआधीचे काही उपचार नव्हेत. किती लाभाची आशा धरावी, कोणता धोका पत्करावा आणि घरी परतल्यावर जीव कशाने सुरक्षित राहील, यांचा निर्णय याच काळात होतो. मुळशीसारख्या तालुक्यात या तिन्ही प्रश्नांना स्थानिक रूप येते.

१. वजनाचा निकष

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा देहभारांक हा या शस्त्रक्रियेचा रूढ निकष आहे. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या मर्यादेप्रमाणे तो ४० असावा, किंवा मधुमेहासारखा सहव्याधी असल्यास ३५ असावा, असे मानले जाई. युरोपीय शरीरयष्टीवर आधारलेला हा निकष भारतीयांना जसाच्या तसा लागू पडत नाही, हे दाखविण्यात पुण्यातील संशोधनाचा वाटा मोठा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभारांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के मेद होता, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

या भेदाचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जाते. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ साली आरंभलेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ते ३.५ किलोग्रॅम होते. मात्र पुण्याकडील बालकांत स्नायू व अवयव लहान असूनही त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. अशा शरीराला पुढे विपुल अन्न व बैठे जीवन लाभले, तर दिसण्यात फारसा स्थूल नसलेला मनुष्यही मधुमेही होतो. यास्तव २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निवेदनात आशियाई लोकांसाठी देहभारांकाच्या मर्यादा २.५ ने खाली आणण्यात आल्या. त्यानुसार औषधांनी मधुमेह आटोक्यात नसल्यास २७.५ पासूनही शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

मुळशी तालुक्यात हा बदल एका पिढीच्या अंतराने पाहावयास मिळतो. पश्चिमेस ताम्हिणीकडील अतिवृष्टीच्या डोंगरउतारांवर भातशेती करणारी कुटुंबे आहेत, तर पूर्वेस हिंजवडीची संगणकनगरी आहे. भातखाचरात ज्यांचे बालपण गेले, त्यांतील अनेकांचे प्रौढ वय खुर्चीवर जात आहे.

२. शिल्लक शक्तीचे मापन

पुण्यातील डॉ. शशांक शहा व सहकारी यांनी २०१० साली २२ ते ३५ देहभारांकाच्या पंधरा मधुमेही रुग्णांवरील गॅस्ट्रिक बायपासचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन महिन्यांत सर्वांची मधुमेहाची औषधे सुटली आणि नऊ महिन्यांच्या निरीक्षणात तो लाभ टिकून राहिला. याच्या जोडीला स्वीडनमधील दीर्घ अभ्यास वाचणे अगत्याचे आहे. तेथे दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांत मधुमेहाचा उपशम आढळला, परंतु पंधरा वर्षांनी तो ३० टक्क्यांवर आला. मधुमेहाचा कालावधी जितका अल्प, तितका उपशम अधिक, हेही त्यातून स्पष्ट झाले.

अर्थात पूर्वतयारीत प्रथम हे मोजावे लागते की स्वादुपिंडाची शक्ती किती उरली आहे. रक्तातील सी-पेप्टाइड हे शरीराने स्वतः निर्मिलेल्या इन्शुलीनचे माप होय. ते अत्यल्प असून इन्शुलीन अनेक वर्षे चालू असेल, तर औषधमुक्तीची आशा दाखविणे अप्रामाणिक ठरते. अशा रुग्णालाही वजन, रक्तदाब व इन्शुलीनची मात्रा घटण्याचा लाभ होऊ शकतो. मात्र त्याला ‘मधुमेह जाईल’ असे नव्हे, तर ‘मधुमेह सोपा होईल’ असे सांगितले पाहिजे.

३. इंद्रियांची परीक्षा

दीर्घ मधुमेहाने केलेली हानी पुष्कळदा मूक असते. मज्जातंतू बधिर झाल्याने हृदयविकारातही छातीत वेदना होत नाही. म्हणून वेदनेचा अभाव हे निर्दोष हृदयाचे प्रमाण नव्हे. मूत्रातील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनीन यांवरून वृक्कांची स्थिती कळते. नेत्रपटलाची परीक्षा तर अनिवार्यच मानावी, कारण दीर्घकाळ चढलेली शर्करा एकाएकी उतरली असता पूर्वीचा नेत्रपटलविकार काही काळ बळावू शकतो. याच कारणाने तीन महिन्यांची सरासरी शर्करा दर्शविणारे एचबीएवनसी सामान्यतः ७ टक्क्यांपर्यंत आणावे असा संकेत असला, तरी जुन्या व उपद्रवयुक्त मधुमेहात ७ ते ८ टक्क्यांवर समाधान मानले जाते.

पोषणातील उणिवाही आधीच भरून काढाव्या लागतात. पुणे परिसरातील ४४१ पुरुषांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्के जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शाकाहार, वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन आणि त्यावर जठराची शस्त्रक्रिया असे तिहेरी कारण जुळले, तर मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या मज्जातंतूंची हानी वाढते. तंबाखूचेही तसेच. ग्रामीण स्त्रियांच्या मिश्रीची चौकशी वेगळी व हळुवारपणे करावी लागते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिळणारा नकार पुरेसा नसतो.

४. औषधांची फेरमांडणी

शस्त्रक्रियेपूर्वी दोन ते चार आठवडे सुमारे ८०० ते १००० कॅलरींचा आहार दिला जातो. त्यामुळे मेदाने फुगलेले यकृत आक्रसते व शल्यचिकित्सकास जठरापर्यंत पोचणे सुकर होते. परंतु अन्न घटले आणि इन्शुलीन पूर्ववत राहिले, तर शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. म्हणून आहार बदलतो त्याच दिवशी इन्शुलीनची मात्रा, बहुधा निम्म्यापर्यंत, घटवावी लागते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचाही फेरविचार करावा लागतो.

डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका याहून फसवा आहे. अल्पाहाराच्या काळात त्या चालू राहिल्यास रक्तात कीटोन-आम्ले साचू शकतात आणि त्या वेळी शर्करा जवळजवळ प्राकृत असल्याने घरचे मापनयंत्र खोटा दिलासा देते. शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन दिवस, आणि शक्यतो अल्पाहाराच्या आरंभीच, त्या वैद्याच्या सल्ल्याने थांबविणे इष्ट होय. मळमळ, उलटी व धाप ही लक्षणे दिसल्यास शर्करेच्या आकड्यावर विसंबून राहू नये.

५. घराची तयारी

शस्त्रक्रियेनंतर आरंभी द्रवाहार, मग मऊ अन्न असा क्रम असतो. पुढे जेवण थोडे, परंतु दिवसाकाठी ६० ते ८० ग्रॅम प्रथिने, असा हिशेब ठेवावा लागतो. आंबेमोहोराचा भात हे ज्या तालुक्याचे भूषण, तेथे ताटातील पहिला घास भाताऐवजी डाळीचा, अंड्याचा वा मासळीचा असावा, हा बदल लहान नव्हे. सावकाश चावणे, जेवताना पाणी न पिणे आणि साबुदाण्याचे उपवास आवरणे यांचा सराव आधीच झाला पाहिजे. तो एकट्या रुग्णाने करून भागत नाही. घरात जो स्वयंपाक करतो, त्यालाही सल्लागाराच्या भेटीस आणले पाहिजे.

अंतराचा विचार सर्वांत शेवटी येतो, पण तो गौण नव्हे. हिंजवडी वा लवळ्याच्या रहिवाशास रुग्णालय जवळ आहे. धरणापलीकडच्या वाडीतील रुग्णास भर पावसात रात्री घाटरस्ता उतरावा लागेल. त्याच्यासाठी शस्त्रक्रियेचा दिवस ठरवितानाच ऋतूचा विचार व्हावा. शर्करामापन घरातील दुसऱ्या व्यक्तीस शिकवावे, शर्करा उतरल्यास काय द्यावे हे लिहून ठेवावे आणि पौडसारख्या जवळच्या ठिकाणी तत्काळ गाठता येईल असा वैद्य आधीच निश्चित करावा.

सारांश, दीर्घकालीन मधुमेहात शस्त्रक्रिया हा रोगाचा शेवट नसून त्याच्या व्यवस्थेचा नवा आरंभ आहे. स्वादुपिंडात काय उरले, इंद्रियांनी काय सोसले आणि घर कोणता भार उचलू शकेल, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावाचून शस्त्रक्रियेचा दिवस ठरविणे युक्त नव्हे. ही उत्तरे कधी कधी ‘आता नको’ असाही निर्णय देतात, आणि तोही पूर्वतयारीचाच यशस्वी परिणाम समजला पाहिजे.