भावना दुखावणे : शब्द आणि कायदा
‘भावना दुखावल्या’ या वाक्यात ‘भावना’ हीच कर्ता आहे. दुखावणारा आणि त्याचा हेतू वाक्याबाहेरच राहतात. १९२७ साली भारतीय दंड संहितेत आलेले आणि २०२४ मध्ये त्या संहितेसह रद्द झालेले २९५अ कलम मात्र हेतूलाच निर्णायक मानत होते: धर्माचा अवमान जाणीवपूर्वक व दुष्ट बुद्धीने केलेला असावा लागत असे. व्यवहारात ही अट सहज विसरली जात असे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई ‘बंद’विषयीच्या फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली. त्यात धर्माचा उल्लेखही नव्हता, तरी आरंभी हेच कलम लावले गेले! सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ होते. त्यातील ‘त्रासदायक’सारखे सैल शब्द सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात संदिग्ध ठरवून ते कलम रद्द केले. मजकूर रोखण्याचे ६९अ कलम टिकले. त्याखालील तक्रारी व कार्यवाही नियमानुसार गोपनीय असतात. त्यामुळे कोणत्या शब्दाने कोणाची भावना दुखावली, हे वाचकाला बहुधा कळतच नाही.