धबधब्याची सहल : परतीची वेळ आधी ठरवा

वर्षाचे बरेचसे महिने बोरी नदीचे कोरडे पात्र पाहणाऱ्या अमळनेरकराला वाहत्या पाण्याची ओढ अधिक असावी, यात नवल नाही. श्रावणाच्या सरी सुरू झाल्या, डोंगर हिरवे दिसू लागले की घरोघरी विचार सुरू होतो. कोणी यावल तालुक्यातील मनुदेवीचे नाव घेते, कोणी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचे. ही ओढ आरोग्याच्या दृष्टीने चांगलीच आहे. दोन-तीन तासांची चाल, मोकळी हवा आणि हातातील मोबाइल खिशात ठेवून एकत्र घालवलेला दिवस यांची गोडी कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीतून मिळत नाही.

परंतु वाचकहो, ज्या पाण्याची आपल्याला ओढ आहे, त्याची आपल्याला सवय नाही. कोकणातील मुलाला ओहोळ कसा चढतो आणि किती वेळात चढतो, हे लहानपणीच कळते. आपल्या मुलांनी विहीर पाहिलेली असते, बंधारा पाहिलेला असतो. डोंगरातून उतरणारे पाणी क्वचितच पाहिलेले असते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या वरच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याहून सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. ते कोणी धाडसी गिर्यारोहक नव्हते; आपल्यासारखेच सहकुटुंब वर्षासहलीस आलेले लोक होते. म्हणून सोप्या सहलीचेही नियोजन हवे, आणि त्यातील महत्त्वाचे निर्णय घरीच, शांत डोक्याने घेतलेले असावेत.

वरचा पाऊस खालून दिसत नाही

पाटणादेवीचेच उदाहरण घेऊ. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळा-अजिंठा रांगेच्या पायथ्याशी हे प्राचीन देवीमंदिर आहे. थोर गणिती भास्कराचार्यांचे नाव या परिसराशी जोडलेले आहे; त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख येथेच सापडला. भोवतालचे रान १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते. केदारकुंडाचा धबधबा याच डोंगराच्या कुशीत आहे.

आता या जागेची रचना लक्षात घ्या. आपण दरीत उभे असतो आणि पाणी वरच्या पठारावरून येते. पठारावर ढग फुटल्यासारखा पाऊस पडत असला तरी दरीत ऊन असू शकते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी या डोंगरांत झालेल्या अतिवृष्टीने कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि डोंगरी व तितूर या नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात शिरले. डोंगरातील पाण्याने मैलोगणिक अंतरावरचे शहर बुडवले, तर उगमाशी उभ्या असलेल्या माणसाची काय कथा!

यासाठी आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा. केवळ अमळनेरचा पाहून भागणार नाही; जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन्ही जिल्ह्यांचा पाहावा, कारण पठार पलीकडच्या जिल्ह्यात पसरलेले आहे. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर सहल पुढे ढकलावी. अभयारण्यात प्रवेश चालू आहे का, हे वनविभागाच्या नाक्यावर विचारावे आणि तेथील कर्मचारी ‘आज पुढे जाऊ नका’ म्हणाले तर वाद घालू नये. जोराचा पाऊस ओसरल्यावरचे भाद्रपद-आश्विनातील कोरडे दिवस कुटुंबासाठी उत्तम; तेव्हा धार बारीक असते, पण वाट आणि पाणी दोन्ही शांत असतात.

चाल सर्वांत हळू माणसाची

स्कॉटलंडचे गिर्यारोहक नाइस्मिथ यांनी १८९२ साली चालण्याचा एक साधा हिशेब मांडला : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. आजी, सात वर्षांचा नातू आणि डब्यांची पिशवी बरोबर असेल तर येणारा वेळ सरळ दुप्पट धरावा. समजा, जायची वाट तीन किलोमीटर आणि चढ शंभर मीटर आहे. नाइस्मिथ पाऊण तास सांगतील. आपण दीड तास धरावा. तेवढाच येण्याचा, आणि तासभर तेथे बसण्याचा. म्हणजे चार तास. रानातून दुपारी तीनपर्यंत बाहेर पडायचे असेल, तर सकाळी अकराच्या आत चालायला लागले पाहिजे. दीड वाजता परत फिरायचे, हे घरीच सर्वांना सांगून ठेवावे. धबधबा तोवर दिसला नसला तरीही फिरायचे. ‘इतक्या लांब आलोच आहोत तर’ हे वाक्य डोंगरात सर्वांत महाग पडते.

ज्येष्ठांनी आधीच्या आठवड्यात घराचा जिना वापरून पाहावा. दोन मजले न थांबता चढून गेल्यावर छातीत दडपण आले किंवा बोलता येणार नाही इतका दम लागला, तर सहलीपूर्वी डॉक्टरांना दाखवावे. अशांनी मंदिराच्या परिसरात बसून सहलीचा आनंद घ्यावा. त्यात कमीपणा नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर लांब चालीने एकाएकी उतरू शकते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. शुद्धीवर असलेल्याला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. न्याहारी चुकवून चालायला निघू नये.

माणशी किमान दोन लिटर पाणी घरूनच न्यावे. झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये. क्षारसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी उत्तम. दमट हवेत दह्याचे पदार्थ आणि भरीत लवकर बिघडते. पायांत पकड असलेले बूट हवेत. झाडावर किंवा कड्यावर आग्यामोहोळ दिसल्यास आवाज, धूर आणि अत्तर तिन्ही टाळून दूर व्हावे. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता, माणसाला शक्यतो न चालवता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. मात्र दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून कोठे जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे घरी एकाला सांगून ठेवावे.

कुंडाच्या काठावर

धबधब्याखालच्या कुंडात उतरायचे नाही, हा दुसरा निर्णयही घरीच व्हावा. तेथील खोली वरून कळत नाही आणि खाली दगड व कपारी असतात. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते शरीराला पुरेसे तोलून धरत नाही. पट्टीचा पोहणाराही त्यात फसतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना गुडघ्याएवढा झाला असेल, तर ओलांडू नये. उंच जागी थांबून पाणी उतरण्याची वाट पाहावी.

पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा किंवा काटक्या वाहून येऊ लागल्या, अथवा धारेचा आवाज बदलला, तर पिशव्या-चपलांचा विचार न करता काठ सोडून वर चढावे. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर पाण्यापासून आणि एकाकी झाडापासून दूर व्हावे.

एक गोष्ट प्रत्येक आईवडिलांनी लक्षात ठेवावी. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. श्वास घेण्यातच त्याची शक्ती संपते. ते निमूटपणे जाते. म्हणून ‘सगळे आहेत लक्ष द्यायला’ यावर विसंबू नये. एका वेळी एका मोठ्या माणसाने, मोबाइल बाजूला ठेवून, मुलांवर नजर ठेवावी आणि अर्ध्या तासाने पाळी बदलावी. कोणी पाण्यात पडलेच, तर मागोमाग उडी घेऊ नये. एकामागून एक बुडण्याचे ते प्रमुख कारण आहे. काठी, दोरी, ओढणी, साडी पुढे करावी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा.

बाहेर काढलेल्या व्यक्तीला उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये. श्वास नसेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यभागी जोराने आणि जलद तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. शुद्धीवर आलेल्या, पण खोकला किंवा धाप असलेल्या व्यक्तीलाही रुग्णालयात नेलेच पाहिजे. फुप्फुसांचा त्रास पुढील काही तासांत वाढू शकतो.

हे सारे वाचून सहलीचा बेत रद्द करू नका. पाण्यापासून दहा हात दूर, कोरड्या खडकावर बसून धबधबा पुरेपूर पाहता येतो. तुषार तेथवर येतात, मुलांना फुलपाखरे दिसतात आणि आजीलाही बसायला जागा मिळते. निघण्याच्या आदल्या रात्री सर्वांना एकत्र बसवा, परतीची वेळ आणि पाण्याचा नियम मुलांकडूनच कागदावर लिहून घ्या. स्वतः लिहिलेला नियम मुले स्वतः पाळतात, आणि मोठ्यांनाही पाळायला लावतात.